मोर्तब आणि हॅशाधिष्ठित स्वाक्षरी

मराठी राजपत्रांत मजकुराच्या अखेरीस मोर्तब होत असे. पत्र कोठे संपले हे त्यावरून ठरे. त्याखाली कोणास ओळ वाढविता येऊ नये, हा त्याचा हेतू. अंकीय स्वाक्षरीचे कार्य याहून फार निराळे नाही. २०१८ पासून महाराष्ट्रात सातबाऱ्याचा उतारा अशा स्वाक्षरीसह मिळतो. देऊळघाटसारख्या गावी शेताचा वाद दोन-तीन पिढ्या चालू शकतो. तेव्हा ही स्वाक्षरी किती काळ टिकेल हा प्रश्न अनाठायी नव्हे.

भारतात रूढ असलेली आरएसए पद्धती, प्रचंड संख्येचे मूळ अवयव शोधणे दुष्कर आहे, या एकाच आधारावर उभी आहे. पुरेसा मोठा पुंज-संगणक हा आधार काढून घेईल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखविले. तसा संगणक अद्याप झालेला नाही. परंतु झालाच, तर त्याच्या धन्यास मागील तारखेचा खोटा उताराही स्वाक्षरित करता येईल. मूळ अभिलेखाशी तो ताडून पाहता येईल हे खरे. पण मग स्वाक्षरीचे प्रयोजन काय उरले?

हॅश म्हणजे मजकुराचे ठराविक मापाचे पीठ. पिठावरून धान्य परत मिळत नाही, आणि एक अक्षर बदलले तरी पीठ निराळे निघते. ('पिष्टांक' हा प्रतिशब्द मला बरा वाटतो; विद्यार्थी अर्थात हॅशच म्हणणार.) पुंज-संगणकालाही हे दळण उलटे फिरविण्याचा सुलभ मार्ग सापडलेला नाही. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या १९७९ च्या रीतीत स्वाक्षरीकर्ता गुप्त संख्यांच्या २५६ जोड्या निवडतो व त्या सर्वांचे हॅश आधीच जाहीर करतो. मजकुराच्या हॅशमध्ये ज्या स्थानी शून्य, तेथे जोडीतील पहिली संख्या उघड करावयाची. एक असेल तेथे दुसरी. पडताळा कोणीही घ्यावा. मात्र ही किल्ली एकदाच चालते. दुसऱ्या मजकुरास लावली की अनेक जोड्यांतील दोन्ही संख्या उघड्या पडतात व त्यांच्या मिश्रणातून तिसऱ्याच मजकुराची स्वाक्षरी रचता येते.

राल्फ मर्कल यांनी अशा अनेक किल्ल्या एका वृक्षाची पाने मानून केवळ मुळाचा हॅश जाहीर करण्याची युक्ती काढली. तरीही कोणते पान खर्ची पडले याची नोंद ठेवणे आलेच, आणि कचेरीच्या संगणकावर जुनी प्रत पुन्हा चढविली की ती नोंद मागे जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने स्फिंक्स-प्लसवर आधारलेली जी पद्धती प्रमाणित केली, तिला ही नोंदच लागत नाही. तिची जाहीर किल्ली ३२ बाइटांपासून, पण स्वाक्षरी किमान ७,८५६ बाइटांची; २०४८ बिटांच्या आरएसएची २५६. संगणकातील उताऱ्यास हा भार जाणवणार नाही. कागदावरील एका क्यूआर चौकोनात मात्र फार तर २,९५३ बाइट मावतात. म्हणजे तेथे मोर्तबास तीन चौकोन लागतील.