करार कशाने होतो?

करार म्हटला की स्टँपचा कागद, वकील आणि साक्षीदार असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. कोर्टकचेरीच्या वाटेला न जाणाऱ्या मनुष्यास मग वाटते की, या विषयाशी आपला काय संबंध? वस्तुतः दूधवाल्याशी महिन्याचा रतीब ठरविला, शिंप्याकडे कापड टाकले, रिक्षात बसून ठिकाण सांगितले, की करार झाला. करार आपण रोज करतो. फक्त तो केला हे आपल्या ध्यानात येत नाही. ध्यानात येते ते तो मोडल्यावर.

आपल्याकडील करारविषयक कायदा 1872 सालचा आहे. त्यातील मालविक्रीचा भाग 1930 साली आणि भागीदारीचा भाग 1932 साली वेगळ्या कायद्यांत गेला. पण पाया आजही तोच आहे. तो समजण्यास आपल्या सोलापुरातील साधे उदाहरण पुरे.

समजा, एका व्यापाऱ्याने कारखानदारास विचारले, “पाचशे चादरी अमुक भावाने गड्ड्याच्या यात्रेपूर्वी द्याल का?” हा झाला प्रस्ताव. कारखानदार “देतो” म्हणाला, ही झाली स्वीकृती. मात्र तो “देतो, पण भाव थोडा वाढवा” असे म्हणाला, तर ती स्वीकृती नव्हे. तो त्याने मांडलेला नवा प्रस्ताव आहे, आणि आता होकार द्यावयाचा तो व्यापाऱ्याने. एकाकडून चादरी व दुसऱ्याकडून पैसे, हा परस्परांचा मोबदला. मामाने भाच्यास “मुंजीत घड्याळ देईन” म्हटले आणि दिले नाही, तर भाच्याला रुसता येईल, दावा लावता येणार नाही; कारण तेथे मोबदला नाही. याखेरीज दोन्ही पक्ष सज्ञान व शुद्धीवर असावे लागतात. अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार मुळातच निरर्थक, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली कलकत्त्याच्या एका गहाणाच्या खटल्यात दिला. शेवटची अट अशी की, हेतू कायदेशीर हवा. पैजेचे पैसे कोर्ट वसूल करून देत नाही.

या साऱ्यात कागद कोठे आला? बहुतेक व्यवहारांत तो कायद्याने आवश्यकच नाही. याचा नमुना आपल्याच राज्यातील खामगावचा आहे. 22 जुलै 1959 रोजी खामगाव आणि अहमदाबाद येथील दोन व्यापारी पेढ्यांत सरकीच्या पेंडीचा सौदा टेलिफोनवर ठरला. पेंड मिळाली नाही म्हणून अहमदाबादकरांनी 31,150 रुपयांचा दावा आपल्या गावी लावला. खामगावकर म्हणाले, आम्ही होकार खामगावात दिला, सबब दावा तेथे चालावा. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पत्राने होकार दिला तर पत्र जेथे टपालात पडते तेथे करार होतो. परंतु टेलिफोनवर होकार जेथे ऐकू येतो तेथे करार पुरा होतो, असे बहुमताने 1965 साली ठरले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत वेगळे पडले. आपण ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच की, तोंडी सौद्यालाही कायदा करारच मानतो. आज मोबाइलवरील संदेशांनी सौदे होतात. केवळ ते साधन इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून करार अवैध ठरत नाही, असेही कायद्यात आले आहे.

मग कागद कशासाठी? पुराव्यासाठी. शब्द हवेत विरतात, आठवणी स्वार्थाकडे झुकतात. कागद जागचा हलत नाही. काही बाबतींत मात्र लेख अनिवार्य आहे. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या घराजमिनीची विक्री नोंदलेल्या दस्ताविना होत नाही. मुदतीबाहेर गेलेले कर्ज फेडण्याचे वचनही लेखी व सहीनिशी लागते. स्टँप कमी पडला म्हणून करार मरत नाही. शुल्क व दंड भरून तो कागद पुराव्यात आणता येतो.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती, असे कायदा सांगतो. धाक, दडपण किंवा फसवणूक यांनी मिळविलेली संमती ज्याच्याकडून घेतली त्यास कोर्टात झुगारता येते. परंतु सही केल्यावर “मी वाचलेच नव्हते” ही सबब सहसा चालत नाही, आणि फसवणूक झाल्याचे शाबीत करण्याचा बोजा सही करणाऱ्यावर पडतो. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा घरोघर नांदतात. माग चालविणारा एका भाषेत विचार करतो, आणि उचल घेताना त्याच्यापुढे कागद येतो तो दुसऱ्याच भाषेतला. अशा वेळी तो कागद आपल्या भाषेत वाचून घेणे हा संशय नव्हे, हक्क आहे. कोऱ्या कागदावरील सही तर त्याहून घातक. तिकीट लावलेल्या अपुऱ्या वचनचिठ्ठीवर सही करून ती हाती दिली, की त्या तिकिटास पेलेल तेवढी रक्कम भरण्याचा अधिकार, सकृद्दर्शनी, घेणाऱ्यास मिळतो.

तेव्हा सौदा लहान असो वा मोठा, भाव, नग, मुदत आणि पैसे देण्याचा दिवस या चार गोष्टी चार ओळींत लिहून दोघांनी सह्या कराव्यात व एकेक प्रत ठेवावी. दिलेल्या पैशाची पावती घ्यावी. ओळखीच्या माणसाशी लेखी करणे संकोचाचे वाटते. पण ओळख टिकावी असे वाटत असेल, तर तेथेच ते अधिक जरूर आहे.