चित्ररोजनिशी: गावाचे रंगीत दप्तर

रोज घडलेले रोज टिपून ठेवण्याची शिस्त मराठी माणसाला परकी नाही. पेशव्यांच्या दप्तरातील रोजकीर्दी असोत, देवस्थानांच्या जमाखर्चाच्या वह्या असोत, की एखाद्या जुन्या घराण्याच्या माळ्यावर रुमालात बांधून ठेवलेले दस्तऐवज असोत, तारीखवार नोंद झाल्यावाचून व्यवहार पुरा झाला असे आपल्या पूर्वजांना वाटत नसे. परंतु या अफाट दप्तरात रुपये, आणे, खंडी आणि पायली यांचा हिशेब जितका चोख सापडतो, तितका डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींचा सापडत नाही; देवळाच्या अंगणात त्या दिवशी कोण कसे बसले होते, होडीची ठेवण कशी होती, बाजारात आलेल्या बाईने डोक्यावरची पाटी कशी सावरली होती, याविषयी ते मुके आहे. ही उणीव भरून काढणारी साधी युक्ती म्हणजे चित्ररोजनिशी. एक कोरी, बांधीव वही घ्यावी, तीत दिवसाकाठी एक लहानसे चित्र काढावे, त्याशेजारी चार ओळी लिहाव्यात, तारीख घालावी आणि हा क्रम खंडित होऊ देऊ नये; इतकेच तिचे स्वरूप आहे.

अशा चित्रनोंदींचा वारसा आपल्या प्रदेशाला नाही असेही नाही. रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात सोळाव्या शतकाच्या मध्यास तयार झालेला एक चित्रसंग्रह जतन केलेला आहे. त्यातील 76 जलरंगचित्रे एखाद्या भारतीय चित्रकाराने गोव्यात काढली असावीत, असे अभ्यासक मानतात. पुण्यात सवाई माधवरावांच्या अमदानीत गंगाराम तांबट या चित्रकाराने इंग्रज वकील चार्लस मॅलेट याच्या पदरी राहून वेरूळ आणि कार्ले येथील लेण्यांची चित्रे काढली, आणि 1790 साली पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडाही कागदावर उतरवला. ती चित्रे काढताना आपण इतिहासाचे साधन निर्माण करीत आहोत, असे गंगारामाच्या मनात आले असेल की नाही, हे सांगता येणार नाही. पण आज त्या शिकारखान्याकडे पाहावयाचे तर त्याच्याच डोळ्यांनी पाहावे लागते.

तथापि रोजच्या सवयीचे गोमंतकातील खरे उदाहरण मारिओ मिरांडा यांचे. 1926 साली दमणला जन्मलेला आणि सासष्टीतील लोटली गावच्या वडिलार्जित घरात वाढलेला हा मुलगा घराच्या भिंती रेघोट्यांनी भरू लागला, तेव्हा आईने त्याच्या हाती कोरी वही दिली. भिंती वाचवण्यासाठी केलेल्या या उपायातून एक रोजनिशी जन्मली आणि तिच्यातून एक चित्रकार घडला. मारिओ यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. मुंबईच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयात त्यांनी इतिहास विषय घेऊन पदवी मिळवली. त्यांचे खरे विद्यालय म्हणजे ती वही. 1949, 1950 आणि 1951 या तीन वर्षांच्या त्यांच्या रोजनिश्या पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या, आणि त्या पाहताना मन थक्क होते ते रेषेच्या सफाईने नव्हे, तर सातत्याने. कालचा दिवस नीरस गेला म्हणून आजचे पान कोरे ठेवण्याची मुभा या तरुणाने स्वतःला दिलेली दिसत नाही. गावातील लग्ने, मित्रांच्या बैठका, घरची माणसे, पाहुणे, जे त्या दिवशी समोर आले ते पानावर आले.

पुढे ‘इलस्ट्रेटेड वीकली’ आणि ‘टाइम्स’ समूहातील नियतकालिकांतून त्यांची व्यंगचित्रे घरोघरी पोहोचली, 1959 साली गुल्बेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर ते पोर्तुगालला गेले, पद्मश्री आणि पद्मभूषण हे सन्मान आले, आणि 2011 साली त्यांचे निधन झाल्यावर पद्मविभूषणही जाहीर झाले. या कीर्तीपेक्षा मला त्या तीन वर्षांच्या वह्या अधिक मोलाच्या वाटतात. 1961 च्या डिसेंबरात पोर्तुगीज राजवट संपली आणि तिच्यासोबत एका समाजाची राहणी हळूहळू विरत गेली. सरकारी दप्तरात त्या काळचे हुकूम आणि फर्माने शाबूत आहेत, पण तेव्हाची माणसे कशी हसत आणि कशी उभी राहत, हे एका विशी ओलांडलेल्या मुलाच्या खाजगी रोजनिशीत उरले आहे.

मराठी चित्रकारांत याच मार्गावर वेगळ्या प्रयोजनाने चाललेले प्रभाकर बरवे. रायगड जिल्ह्यातील नागाव हे त्यांचे जन्मगाव, जन्मवर्ष 1936. बरव्यांनी आयुष्यभर डायऱ्या लिहिल्या, आणि त्यांत शब्द व रेषा यांच्यामध्ये कुंपण घातले नाही. पान, घड्याळ, पीस यांसारख्या क्षुल्लक वस्तूंचे आकार त्यांच्या टिपणांत पुनःपुन्हा येतात, त्यांच्याविषयी ते स्वतःशी तर्क करतात, आणि त्याच वस्तू पुढे त्यांच्या चित्रांत एका विलक्षण मोकळ्या अवकाशात तरंगताना दिसतात. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे मराठी पुस्तक याच दीर्घ चिंतनाचे फळ. 1995 साली ते गेले. 2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कार्याचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा चित्रांसोबत या डायऱ्याही मांडल्या होत्या. मारिओंची वही बाहेरच्या जगाकडे तोंड करून बसली आहे, बरव्यांची आतल्या जगाकडे. नवशिक्याने आरंभ मारिओंच्या रीतीने करावा असे माझे मत आहे, कारण समोरची वस्तू नीट पाहण्याचा सराव झाल्याखेरीज मनातल्या वस्तूला आकार येत नाही.

चित्रकारांची ही नावे ऐकून ज्यांना संकोच वाटेल त्यांनी आपल्याच घरात शोध घ्यावा. ठिपक्यांच्या रांगोळ्यांची वही गोव्यात आणि कोकणात कितीतरी घरांतून आढळते. चौकटीच्या कागदावर ठिपके, त्यांवरून फिरलेली पेन्सिल, कोपऱ्यात ‘अमुकीच्या लग्नात पाहिली’ अशी टीप. आजीकडून नातीकडे आलेली ही वही चित्ररोजनिशीच होय. तिला त्या नावाने कोणी ओळखले नाही, इतकेच.

आता गोव्याच्या पेडणे तालुक्यातील कोरगाव या गावाचे उदाहरण घेऊ. उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेला पेडणे तालुका 1788 साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला, आणि त्यामुळे त्याची भाषा, देवळे आणि शेती यांवर सावंतवाडीची छाया अद्याप आहे. कोरगावात श्री कमळेश्वराचे देवस्थान आहे. खाडीकाठच्या खाजनांत बांध आहेत, भरतीओहोटीचे पाणी आवरणारी मानस आहे, आणि खारटपणा सोसणारे कोरगुट भात ही या जमिनीची खास देणगी आहे. शेजारच्या आगरवाड्यात मिठागरे आहेत. चतुर्थीला गणपतीवर माटोळी चढते आणि तिच्यात सुपारीची शिपटी, तोरिंगण, आंबाडे, कवंडळे, घागऱ्यो अशी रानातली आणि कुळागरातली संपत्ती एकत्र येते; दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत पेडण्याच्या उत्सवाची तरंगे निघतात. वर्षभर रोज एक पान भरण्यास याहून अधिक विषयांची गरज कोणाला आहे?

एक पान कसे भरावे ते दिवाळीच्याच निमित्ताने पाहू. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात, हे गोव्यात लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु कारीट कसे दिसते, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ‘हिरवे, कडू’ यापुढे जात नाही. आदल्या संध्याकाळी ते वहीशेजारी ठेवून पेन्सिल हाती घ्यावी. मग दिसू लागते की ते गोल नसून किंचित लांबट आहे. देठापासून शेंड्यापर्यंत फिकट पट्टे गेले आहेत, आणि दोन पट्ट्यांमधली हिरवाई सर्वत्र सारखी नाही. पिकण्याकडे झुकलेले फळ असेल तर एका अंगाने पिवळेपणा चढलेला आहे. वेलीचा तुकडा सोबत आला असेल तर पानाला खरखरीत लव आहे. चित्राखाली वेल कोणत्या मेरेवर मिळाली, कोणी आणली आणि यंदा पाऊस कधी ओसरला हे लिहावे. अशी पाच वर्षांची पाच पाने एकत्र ठेवली की वेल सहज मिळते की शोधावी लागते, याचा निर्वाळा ती पाने आपण होऊन देतील.

साधनांचा प्रश्न थोडक्यात. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखात साधा पातळ कागद आषाढात ओलसर होतो, रंग फाकतो आणि बुरशी धरते. म्हणून जाड, जलरंगास योग्य कागदाची लहान वही घ्यावी, पाण्याने न विरघळणारी शाई वापरावी आणि पान पुरते सुकल्यावाचून वही मिटू नये. रंग विकतचेच हवेत असे नाही. आपल्या देवळांच्या भिंतींवरची कावी चित्रे चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन, तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरून काढलेली आहेत. तीच जांभ्याची माती वस्त्रगाळ करून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलली की कागदावर उत्तम तांबूस रंग उतरतो, आणि दिव्याच्या काजळीने काळा मिळतो. ज्या गावाचे चित्र, त्याच गावच्या मातीचा रंग, यात निराळेच समाधान आहे.

खरी अडचण साधनांची नसून सवयीची असते. वेळ ठरलेली असावी आणि थोडी असावी. चहानंतरची पंधरा मिनिटे पुरेशी होतात. चित्र बिघडले तरी पान फाडू नये, कारण बिघडलेले पानही त्या तारखेची साक्ष देते. आणि निदान पहिले वर्षभर ही वही कोणास दाखवू नये, हे मी आग्रहाने सांगेन. हल्ली चित्र पुरे होण्यापूर्वीच ते जगापुढे मांडण्याची घाई असते, आणि पाहणाऱ्याच्या पसंतीचा विचार एकदा मनात शिरला की हात समोरच्या वस्तूऐवजी त्या पसंतीचे चित्र काढू लागतो.

पेडणे तालुक्याच्या बाबतीत या कामाला एक निकडही आहे. मोपा येथील विमानतळावरून 2023 च्या जानेवारीपासून विमाने उडू लागली. रस्ते रुंदावले, डोंगर कापले गेले, जमिनींना भाव आला. या बदलाचे बरेवाईट ठरवणे हा या लेखाचा विषय नाही. पण जी मानस आज आहे, जी घरे मातीच्या भिंतींवर नळ्यांचे छप्पर सांभाळून उभी आहेत, जे मिठागर अजून चालते, त्यांची नोंद तेथे राहणाऱ्या माणसाच्या हातून व्हावयास हवी. छायाचित्रे हजारो निघतात, परंतु ती निघतात क्षणात आणि विसरलीही जातात क्षणात. अर्धा तास समोर बसून काढलेल्या मानशीच्या फळ्या किती आणि त्या कशा बसवल्या आहेत, हे काढणाऱ्याला जन्मभर आठवते.

मराठी वाचकाला चित्र आणि मजकूर यांची जोडी दिवाळी अंकांनीच अंगवळणी पाडली. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि मूळ गोमंतकीय असलेल्या दीनानाथ दलालांनी 1945 साली ‘दीपावली’ सुरू करून चित्राला मजकुराच्या बरोबरीचे आसन दिले. तेव्हा हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकास विनंती अशी की लक्ष्मीपूजनाला दुकानदार नव्या चोपड्या पूजेस मांडतील, तेव्हा आपणही बाजारातून एक कोरी, जाड कागदाची वही आणावी, पहिल्या पानावर आपले नाव, गाव आणि तारीख घालावी, आणि घरात मूल असेल तर दुसरी वही त्याच्या हाती द्यावी.