‘नंतर’च्या रकान्यात काय ठेवायचं?

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माझी भाची पुण्याहून बार्शीला आली, ती लॅपटॉप घेऊनच. मी स्वयंपाकघरात भाजणीचं धान्य निवडत बसलेले आणि ही बाहेर टेबलावर रंगीत चिकट कागद मांडून.

‘‘हा काय पोरखेळ मांडलास गं?’’ मी विचारलं.

‘‘पोरखेळ नाही मावशी, रोडमॅप करतेय. पुढच्या वर्षाचा.’’

मला वाटलं, कुठे सहलीबिहलीला निघाली की काय! मग तिनं नीट सांगितलं. सॉफ्टवेअर कंपनीत ती ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ आहे. प्रोग्रॅम दुसरे लिहितात. त्यात कोणती सोय आधी करायची, कोणती नंतर आणि कोणती करायचीच नाही, हे ठरवणं तिचं काम. त्या ठरवण्याचा आराखडा म्हणजे रोडमॅप. या खेपेला तिच्याकडे होतं बचत गटाचे हिशेब मोबाइलवर ठेवायचं ॲप. एका कागदावर एक सोय, असे चाळीस कागद. आणि काम करणारी माणसं पाच.

‘‘मग करा की चाळीसच्या चाळीस. हळूहळू का होईना!’’

‘‘मावशी, दिवाळीचं तू एकटी सोळा पदार्थ करायला घेतलेस, तर लक्ष्मीपूजनाला ताटात काय असेल?’’

मी गप्प. मागच्या वर्षी पाच पदार्थ घेतले होते आणि करंज्या भाऊबीजेनंतर तळल्या होत्या!

तिनं मला दोन गोष्टी सांगितल्या. ॲपलचा पहिला आयफोन जून २००७ मध्ये बाजारात आला. एवढा गाजावाजा, पण त्यात एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवायची साधी सोय नव्हती! लोकांनी नावं ठेवली. ती सोय आली थेट २००९ मध्ये. पण तोवर फोन लोकांच्या हातात पोचलेला होता. दुसरी गोष्ट मायक्रोसॉफ्टची. ‘विंडोज एक्सपी’ आली २००१ मध्ये. पुढच्या आवृत्तीत एवढं काही घालायचं ठरवलं, की काम आवरेना. शेवटी २००४ मध्ये फायली साठवायची आणि शोधायची नवी पद्धत, जिचा मोठा बोलबाला झाला होता, तीच बाजूला काढावी लागली. ‘व्हिस्टा’ सर्वांसाठी दुकानात यायला जानेवारी २००७ उजाडलं.

‘‘म्हणजे वगळणं हे पण कामच,’’ भाची म्हणाली. ‘‘उलट तेच अवघड.’’

वगळायचं कसं, त्याच्याही रीती आहेत. डाय क्लेग नावाच्या गृहस्थांनी १९९४ मध्ये सुचवलेली रीत अगदी आपल्या घरातली वाटावी अशी. चार ढीग करायचे : हवंच, असायला हवं, जमलं तर आणि या वेळी नाही. चौथा ढीग लिहून ठेवायचा बरं का! नाहीतर प्रत्येकाला वाटत राहतं, आपलं काम होणार आहे म्हणून.

जपानच्या नोरिआकी कानो यांचा १९८४ मधला विचार मला त्याहून आवडला. काही सोयी मिठासारख्या असतात. भाजीत मीठ बरोबर पडलं तर कुणी तोंड भरून कौतुक करत नाही, पण नसलं तर ताट सारलं जातं! काही सोयी जेवढ्या जास्त तेवढं बरं, अशा. आणि काही अचानक खूश करणाऱ्या. गंमत म्हणजे, आज जे पाहून आपण हरखतो, ते उद्या मीठच होऊन बसतं. व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवायची सोय २०१३ मध्ये आली तेव्हा केवढं अप्रूप होतं! आता ती नसली तर चालेल का?

दुसऱ्या दिवशी मी भाचीला आमच्या गटाच्या बैठकीला नेलं. नाबार्डनं १९९२ मध्ये गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासूनचा आपला कणा म्हणजे ती हिशेबाची वही. ती वही आता मोबाइलमध्ये जाणार म्हटल्यावर बायका उत्साहात. अध्यक्षबाईंना सभेचे फोटो लावायची सोय हवी. सचिवबाईंना रंगीत आलेख. एकीला वाढदिवसाच्या शुभेच्छा आपोआप जायला हव्यात. भाची सगळं लिहून घेत होती.

कोपऱ्यात आमच्या भाजीवाल्या ताई बसल्या होत्या. त्या कधी बोलत नाहीत. भाचीनंच जवळ जाऊन विचारलं, ‘‘ताई, तुम्हाला काय अडतं?’’

‘‘रेंज,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आधीचं एक ॲप होतं. हप्ता भरला, नोंद केली अन् रेंज गेली. नोंदच नाही राहिली. घरी म्हणाले, पैसे भरलेच नाहीस, कुठं घातलेस ते सांग. वहीत सही तरी असायची.’’

बैठक एकदम शांत झाली.

घरी येताना भाचीनं सांगितलं, रेंज नसताना नोंद टिकवायचा कागद तिच्याकडे होता, पण ‘नंतर’च्या ढिगात. कारण काम किचकट आहे. नोंद आधी फोनमध्येच राहायला हवी, रेंज आली की वर जायला हवी. आणि दोन जणींच्या फोनमध्ये दोन आकडे असले, तर खरा कोणता? हे पक्कं झाल्याशिवाय पुढचं काही करण्यात अर्थ नाही. भाजणी दळून आल्याशिवाय चकली कशी पाडणार?

तिच्या साहेबांना मात्र आधी रंगीत आलेख हवे होते. गिऱ्हाइकाला दाखवायला ते छान दिसतात ना! रात्री ती फोनवर त्यांच्याशी बोलत होती. आवाज चढला नाही, पण मागेही हटली नाही. ‘‘सर, आलेख नसला तर कुणी भांडणार नाही. नोंद गेली तर एका बाईवर तिच्याच घरात चोरीचा आळ येतो. हे मीठ आहे, सर.’’

तासाभरानं ती उठली, रेंजचा कागद पहिल्या ढिगात लावला आणि आलेख, फोटो, शुभेच्छा तिन्ही उचलून चौथ्यात. चेहऱ्यावर थोडी धाकधूक होती. दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाईंना तिनं स्वतः जाऊन सांगितलं, ‘‘फोटो या वर्षी नाही जमणार, काकू.’’ काकू जरा रुसल्या. पण कारण ऐकल्यावर म्हणाल्या, ‘‘ते बरं केलंस.’’

मैत्रिणींनो, घराचा, डब्याच्या धंद्याचा, गटाचा रोडमॅप आपण रोजच मनात करतो. फक्त लिहीत नाही. त्यामुळे जो मोठ्यानं मागतो, त्याचं आधी होतं आणि कोपऱ्यातलं माणूस राहून जातं. कधी कधी ते कोपऱ्यातलं माणूस आपणच असतो.

भाची गेल्यावर तिचे उरलेले चिकट कागद घेऊन मीही बसले. नातवाचा वाढदिवस, रंगकाम, पडदे, सगळ्यांचे कागद केले. मग एकावर लिहिलं, ‘गुडघा डॉक्टरांना दाखवणे’. दोन वर्षं तो मनातल्या ‘नंतर’मध्ये पडून होता. तो उचलून पहिल्या ढिगात ठेवला आणि पडदे चौथ्यात टाकले. घरच्यांना सांगितलंही तसं. पडद्यांवाचून अजून कुणाचं काही अडलेलं नाही!