शहराची नाडी पाहणारे वैद्य हवेत

अहिल्यानगर ते बीड हा आगगाडीचा मार्ग १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या वर्धापनदिनीच, प्रवाशांस खुला झाला. ज्या गोष्टीची वाट पाहण्यात बीडकरांच्या पिढ्या म्हाताऱ्या झाल्या ती अखेर घडली, याचा आनंद व्यापारी वर्गास व्हावा हे स्वाभाविकच आहे. परंतु आगगाडी नुसती माणसे व माल घेऊन येत नाही; ती आपल्यामागून वस्तीही ओढून आणते. स्टेशनाच्या वाटेवर वखारी उभ्या राहतील, शेतांचे भूखंड पडतील, आणि आज जेथे ओढ्याचे पाणी मोकळे वाहते तेथे उद्या कोणाच्या तरी दुकानाचा पाया खणला जाईल. ही वाढ होणार हे निश्चित आहे. ती कोणाच्या विचाराने होणार, हा आमचा प्रश्न आहे. नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारणाऱ्याच्या, की त्या भूमीचा उतार, पाणी, वारा व तेथील माणसांचे धंदे यांचा अभ्यास केलेल्याच्या?

विचाराविना झालेल्या वाढीचे फळ या गावाने एकदा भोगले आहे. बिंदुसरा ही वास्तविक लहानशी नदी. बालाघाटाच्या डोंगरात उगवावे, बीड गावाचे दोन भाग करीत वाहावे आणि पुढे सिंदफणेस मिळून गोदावरीकडे जावे, इतकाच तिचा पसारा. वर्षातील बहुतेक महिने तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू व केरकचराच अधिक दिसतो. अशी नदी पाहून मनुष्य निर्धास्त होतो, पात्राच्या काठास झोपडी घालतो, मग झोपडीची भिंत होते व भिंतीचे घर होते. जुलै १९८९ मध्ये त्याच नदीस पूर आला. वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या व पुष्कळ माणसे प्राणांस मुकली. हा सर्व दैवाचा कोप, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु बालाघाटाच्या उघड्याबोडक्या कातळावर मोठी सर कोसळली म्हणजे पाणी मुरण्यास जागा नसल्याने ते काही घटकांत खाली उतरते, हे भूगोलाचे साधे ज्ञान आहे. आणि पूररेषेच्या आत घर बांधू देणारा हात दैवाचा नव्हता.

हे गाव पूर्वीपासून पाण्याविषयी अडाणी होते असे मात्र कोणी समजू नये. बीडपासून दोन कोसांच्या आत असलेली खजाना बावडी आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. तिचा अभ्यास किती जणांनी केला, हे विचारणे निराळे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मूर्तझा निजामशाहाच्या कारकिर्दीत, सलाबतखानाने ती बांधविली व राजा भास्कर नावाच्या कारागिराने तिची रचना केली, असे सांगतात. भूगर्भातील बोगद्यांवाटे पाणी तीत येते आणि जमिनीचा उतार साधून, मोट वा पंप न लावता, खालच्या शेतमळ्यांस जाते. विहीर खोल खणणे हे कोणासही साधेल. पाणी कोणत्या थरातून येते व कोणत्या पातळीस आपोआप बाहेर पडेल हे आधी जाणून मग दगड लावणे यास शास्त्र लागते. त्याच परंपरेत पुढे मलिक अंबराने आजच्या छत्रपती संभाजीनगरात नहरीचे जाळे घातले. आमच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांस परदेशांतील जलवाहिन्यांच्या आकृत्या मुखोद्गत असतात आणि घरची बावडी ही सहलीचे ठिकाण म्हणून ठाऊक असते. याचा दोष आम्ही विद्यार्थ्यांस देत नाही.

शहराचा अभ्यास हा शिकविण्याचा विषय आहे ही गोष्ट या देशात प्रथम ज्याने ठासून सांगितली तो गृहस्थ योगायोगाने वास्तुशास्त्रज्ञ नव्हता, वनस्पतिशास्त्रज्ञ होता. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटलंडचा पंडित १९१४ साली नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात यावयास निघाला. त्याचे सामान ज्या बोटीत होते ती 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने बुडविली, तरी त्याने नवी चित्रे जमवून मद्रासेस प्रदर्शन मांडलेच. नंतर काही वर्षे तो शहरोशहरी पायी हिंडला. त्या काळच्या इंजिनियर मंडळींचे औषध एकच असे: दाट वस्ती दिसली की तीतून रुंद सरळ रस्ता काढावा व मध्ये येतील ती घरे पाडावी. गेडिसचे म्हणणे असे की, ही शस्त्रक्रिया रोग्यास मारणारी आहे. आधी निदान करा. कोणते घर खरोखर पडके आहे, कोणता चौक दोन भिंती मागे घेतल्याने मोकळा होईल, कोणत्या बुजलेल्या विहिरीस पुन्हा जीव देता येईल, कोठे एक झाड लाविले असता बायकांस व मुलांस बसण्यास सावली होईल, हे दारोदार फिरून पाहा. जेथे घर पाडावे लागेल तेथे ते पाडाच, पण अवयव कापण्याआधी तो वाचतो की नाही हे पाहा.

इंदुरास होळकर दरबाराने त्यास बोलाविले तेव्हा शहरात प्लेगचे भय होते, आणि नकाशे घेऊन गल्लीबोळांतून फिरणारा हा साहेब आपली घरे पाडावयास आला आहे अशी समजूत होऊन लोक त्यास टाळू लागले. त्याने यावर जी युक्ती केली ती आमच्या सर्व आरोग्यखात्यांनी ध्यानात धरावी. दिवाळीच्या सुमारास त्याने मोठी मिरवणूक काढविली, आणि जो मोहल्ला आपली घरे झाडूनपुसून दुरुस्त करील त्याच्याच वाटेने ती जाईल असे जाहीर केले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि शहर झाडणारे कामगार स्वच्छ पोशाखात, फुलांनी सजविलेल्या गाड्यांसह मानाने चालत होते. ज्या वर्गाकडे शहराने पाठ फिरविली होती त्याचाच सत्कार झाला. शेवटी राक्षस व उंदीर यांचे दहन झाले. लोक ज्या कामास दंडाच्या धाकाने तयार नव्हते ते त्यांनी सणाच्या उत्साहाने केले. त्याचा इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली निघाला. त्याच इंदूरने २०१७ पासून सलग सात वेळा देशातील स्वच्छ शहराचा पहिला मान मिळविला, हा केवळ त्या मिरवणुकीचा प्रताप असे आम्ही म्हणत नाही. मध्ये शंभर वर्षे गेली आहेत.

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे अध्यापकपद काढून त्यावर गेडिसची नेमणूक केली. स्थळ, काम व लोक ही त्याची त्रिसूत्री. या तिहींपैकी एकाचाच विचार करील त्याची योजना लंगडी पडेल, हे त्याचे मत. पुढे ते आसन नामवंत समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्याकडे गेले व समाजशास्त्र वाढले, परंतु नागरिकशास्त्राचे हे अंग, म्हणजे विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून गाव मोजणे, मागे पडले. स्वातंत्र्यानंतर दिल्लीस १९५५ मध्ये नगररचनेचे विद्यालय निघाले, अहमदाबादेसही निघाले. तेथून शिकून बाहेर पडलेले बहुतेक तरुण महानगरांतच राहतात. बीड, गेवराई, माजलगाव, परळी यांच्या वाट्यास त्यांपैकी कोण येतो?

येथे कोणी शहाणा म्हणेल की, हे सर्व खरे, पण नगरपालिकेच्या तिजोरीत पैसा नाही. वकिलीच्या धंद्यात पडलेल्या मनुष्यास या सबबीचे उत्तर तोंडपाठ असावयास हवे. रतलाम नगरपालिकेविरुद्ध तेथील रहिवाशांनी उघड्या गटारांबद्दल दाद मागितली तेव्हा पालिकेने हीच सबब पुढे केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने, ती फेटाळली. ज्या फौजदारी कलमाखाली तो हुकूम झाला त्याचे स्थान आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमाने घेतले आहे. शिवाय घटनेच्या बाराव्या परिशिष्टात पालिकांच्या कामांची जी यादी आहे तीत पहिलीच बाब नगररचनेची आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, याच्या २५ व्या कलमानुसार विकास आराखड्यापूर्वी जमिनीची पाहणी करून तिच्या आजच्या वापराचा नकाशा केला पाहिजे, व २६ व्या कलमानुसार मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागविल्या पाहिजेत. म्हणजे जे गेडिस सांगत होता, आधी निदान मग औषध, ते कायद्यात आहेच. व्यवहारात असे होते की, आपली जागा आरक्षणात गेली की काय एवढेच पाहण्यास व्यापारी कचेरीत जातो. नाला कोठून वळविला आहे हे कोणी पाहात नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच नाल्याचे पाणी त्याच्या गोदामातील गोण्यांत शिरते.

आरोग्य म्हणजे दवाखाना, ही समजूतही टाकली पाहिजे. ज्या गावात नळास पाणी रोज येत नाही तेथे प्रत्येक घर पिंपे व टाक्या भरून ठेवते. डेंग्यूचा डास घाण गटारात नव्हे तर अशा स्वच्छ साठविलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि सुमारे आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून 'कोरडा दिवस पाळा' असा उपदेश घरोघर होतो, तोही योग्यच; परंतु पाणी किती दिवसांनी सोडावे हे ठरविणारा अधिकारी हाही एक प्रकारे गावाचा वैद्यच आहे, हे त्यास कोणी शिकविलेले नसते. परळीचे विद्युतकेंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावे लागले. कारखाना उभारताना पाण्याचा हिशेब किती तोकडा होता याचा याहून मोठा धडा कोणत्या ग्रंथात सापडेल?

तेव्हा आमची सूचना अशी. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. बीड शहरात कला, विज्ञान, वाणिज्य व अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत. या सर्वांच्या संयुक्त तुकड्या करून प्रत्येकीस गावाचा एक प्रभाग वर्षभरासाठी नेमून द्यावा. अभियांत्रिकीच्या मुलांनी उतार व नाले मोजावे, वैद्यकीच्या मुलांनी तापाच्या रोग्यांची नोंद गल्लीवार करावी, वाणिज्याच्या मुलांनी पेठेतील गाड्यांची व कचऱ्याची गणती करावी, आणि हे काम त्यांच्या परीक्षेत गुणांसह धरले जावे. झालेले नकाशे नगरपालिकेच्या दारी, मराठीत, सर्वांस दिसतील असे लावावे. व्यापारी संघाने कागद, फिती व दुर्बिणी यांचा खर्च सोसावा. एका गोदामात एकदा पाणी शिरण्याच्या नुकसानीपेक्षा तो थोडाच असेल.

आणि पहिले काम पुढील पावसाळ्याची वाट न पाहता करावे. १९८९ च्या पुरात पाणी कोठवर चढले होते हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांतले तेव्हाचे तरुण आज साठीच्या आसपास आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांस हाती धरून बिंदुसरेच्या दोन्ही काठांनी फिरवावे, ते ज्या भिंतीवर बोट ठेवतील तेथे चुन्याची ठळक रेघ मारावी, आणि ती रेघ नवा आराखडा करणाऱ्याच्या नकाशावर उतरली की नाही, हे हरकतींची मुदत संपण्यापूर्वी जाऊन पाहावे.