शर्यतीची नाव आणि मोकळें पाणी

शिरूरची घोडनदी आणि दौंडची भीमा यांचें पाणी अखेर उजनीच्या जलाशयांत जातें. पुण्यास ज्या मुळा-मुठेवर अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी पिढ्यान् पिढ्या नावा वल्हवीत आले, तीही रांजणगांव सांडस येथें भीमेस मिळून याच वाटेनें येते. पाणी एकच, परंतु नदीच्या वळणांत तें जसें वागतें तसें विस्तीर्ण जलाशयांत वागत नाहीं. २१ मे २०२४ रोजीं कुगांवहून कळाशीकडे जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यानें उजनीच्या पाण्यांत उलटली व सहा जीव गेले. ती होडी शर्यतीची नव्हती. शर्यतीची नाव तर त्याहून कितीतरी नाजूक. ती अशा पाण्यावर न्यावयाची झाल्यास तींत कोणते फेरफार करावे लागतात, हें नदीकांठच्या मुलांनीं आणि त्यांच्या पालकांनींही समजून घेण्याजोगें आहे.

एका माणसाची शर्यतीची नाव सुमारें ८ मीटर लांब, पाण्याशीं जेमतेम एक फूट रुंद आणि वजनानें अवघी १४ किलो असते. ती स्वतःच्या बळावर तोल राखीत नाहीं. दोरीवरून चालणारा कसरतपटू हातांत आडवी काठी धरतो, तद्वत् दोन्ही बाजूंस पसरलेलीं वल्हीं तिला सांवरतात. लाटेंत एक वल्हें अडकलें कीं नाव कलंडलीच. दुसरा धोका आंत शिरणाऱ्या पाण्याचा. २० लिटर पाणी म्हणजे २० किलो वजन. तें नावेहून जड, आणि शिवाय अस्थिर. नाव ज्या अंगास झुकेल त्याच अंगास तें धांवतें आणि झोंक वाढवितें. १९१२ सालीं टेम्स नदीवर ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्ही संघांच्या नावा पाण्यानें भरल्या आणि शर्यत पुन्हां घ्यावी लागली.

यावर मुख्य उपाय कोंडलेल्या हवेचा. दोन्ही टोकांस आणि बैठकीखालीं पाणी न शिरणारे कप्पे असावे. नसल्यास हवेच्या पिशव्या घट्ट बांधाव्या. आंतील दमटपणा जावा म्हणून कप्प्यांचीं झांकणें सरावानंतर उघडीं ठेवितात आणि निघतांना लावावयास विसरतात. मग कप्पा असून नसल्यासारखा! परीक्षा सोपी आहे. कमरेइतक्या पाण्यांत नाव कांठोकांठ भरून तींत बसावें. बैठक पाण्याखालीं ५ सेंटीमीटरांहून अधिक जातां कामा नये.

पाणी आंत येऊं नये म्हणून पुढें लाट अडविणारी फळी बसवितात, आणि वल्ह्याच्या कडीखालीं चकत्या घालून ती किंचित् उंच करितात, म्हणजे परततांना वल्हें लाटेस लागत नाहीं. पायांचे जोडे नावेस जखडलेले असतात. टांचेची दोरी आखूड ठेविल्यास नाव उलटतांच पाय निसटतो. बाजूंचे तरंगे नवशिक्यास उपकारक खरे, पण ते लाटांवर आपटतात व वेग खातात.

इतकें करूनही नाव लांब व अरुंदच राहते. म्हणून समुद्रकिनाऱ्यावरील शर्यतींसाठीं निराळीच नाव ठरविली आहे: लांबी फार तर ६ मीटर, रुंदी निदान ७५ सेंटीमीटर, वजन निदान ३५ किलो. २०१६ सालीं रिओ येथें, जेथें नाशिक जिल्ह्यांतील तळेगांव रोहीचे दत्तू भोकनळ एकट्याच्या नावेंत तेरावे आले, तेथेंच सर्बियाच्या कसलेल्या जोडीची नाव उलटली आणि दुसऱ्या दिवसाच्या शर्यती वाऱ्यामुळें रद्द कराव्या लागल्या. शुभवर्तमानांतील गालीलचा समुद्र हाही वस्तुतः एक सरोवरच, हें येथें आठवतें.

म्हणून वाऱ्याचा रंग दिसतांच शर्यतीची नाव कांठास लावावी. जीवनरक्षक जाकीट अंगांत हवेंच. तरीही उलटलीच, तर पोहत कांठ गांठण्याचा मोह आवरावा. पाण्यावरून कांठ नेहमींच जवळ भासतो. कप्प्यांत हवा असेल तर उलटी नावही तरंगते. तिच्या पाठीवर छातीनें आडवें पडावें, पाय पाण्याबाहेर ओढून घ्यावे, आणि हातांनींच वल्हवीत वाऱ्याच्या दिशेनें कांठाकडे सरकावें.