एकहाती नियतकालिक आणि जाहिरातीचे उत्पन्न : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

ज्या नियतकालिकाचे लेखन, संपादन आणि व्यवस्थापन मुख्यतः एकाच व्यक्तीच्या हाती असते, त्यास एकहाती नियतकालिक म्हणता येईल. मराठीत या प्रकाराची परंपरा जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’चा प्रारंभ १८७४ साली झाला आणि तिचे ८४ अंक निघाले. एका लेखकाच्या लेखणीवर मासिक उभे राहू शकते, हे तिने सिद्ध केले. परंतु लेखणीवर उभे राहिलेले मासिक पैशाच्या बाबतीत कशावर टिकते, हा प्रश्न वेगळा आहे. वर्गणी, देणगी आणि जाहिरात हे त्याचे तीन आधार होत. त्यांपैकी तिसऱ्याचे स्वरूप येथे विचारात घ्यावयाचे आहे.

प्रथम हिशेबाची रचना पाहणे इष्ट ठरेल. अंकाचा खर्च दोन प्रकारचा असतो. जुळणी, मांडणी आणि कार्यालय यांचा खर्च प्रतींच्या संख्येवर अवलंबून नसतो. कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च मात्र प्रतींबरोबर वाढतो. समजा, एका मासिकाचा स्थिर खर्च दरमहा ६,००० रुपये, प्रत्येक प्रतीचा खर्च १२ रुपये, किंमत १५ रुपये आणि खप ५०० प्रतींचा आहे. विक्रीतून १,५०० रुपये उरतात आणि ४,५०० रुपयांची तूट राहते. पृष्ठास १,५०० रुपये दराने तीन पृष्ठे जाहिरात मिळाली, तर तूट भरून निघालीशी वाटते. पण जाहिराती मध्यस्थामार्फत आल्या आणि त्याने १५ टक्के अडत घेतली, तर हाती ३,८२५ रुपयेच येतात. उरलेले ६७५ रुपये खपातून मिळवावयाचे झाल्यास २२५ नवे वाचक जोडावे लागतील. सारांश, जाहिरात खपाची जागा घेत नाही. शिवाय जाहिरातदार दर मान्य करतो तो खप पाहूनच.

या परस्परावलंबनाची न्यायालयीन चिकित्साही एका मराठी वृत्तपत्रामुळेच झाली. वृत्तपत्र (किंमत व पृष्ठे) अधिनियम, १९५६ अन्वये पृष्ठसंख्येनुसार किंमत ठरविण्याचा आणि जाहिरातींच्या जागेचे नियमन करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला होता. लहान पत्रांना मोठ्या पत्रांच्या स्पर्धेपासून संरक्षण द्यावे, हा त्यामागील हेतू होता. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्यास आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हा कायदा अवैध ठरविला. जाहिरातीची जागा घटली की किंमत वाढवावी लागते, किंमत वाढली की खप घटतो आणि खप घटला की विचारप्रसारावरच मर्यादा येते, अशी त्या निर्णयातील विचारसरणी होती. जाहिरात हा केवळ व्यापाराचा विषय नसून अभिव्यक्तीचा आर्थिक पाया आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. मात्र लहान पत्रांचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही.

कारण जाहिरात ही मजकुराविषयी उदासीन नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिल्याचे त्यांनी पुढे नोंदविले. १९२७ साली निघालेल्या ‘बहिष्कृत भारता’त तर त्यांना चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहून काढावे लागले. ज्या समाजासाठी पत्र होते, त्याच्या हाती क्रयशक्ती नव्हती आणि ज्यांच्या हाती ती होती, त्यांना त्या वाचकाची गरज वाटत नव्हती. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चालले. संततिनियमन आणि कामजीवन या विषयांवर निर्भीडपणे लिहिल्याने कर्वे यांच्यावर खटले झाले, आणि ते मासिक मुख्यत्वे त्यांच्या स्वतःच्या पदरमोडीवर तगले. याउलट १९२० साली निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे एका उद्योगाचे मुखपत्र असल्याने त्याच्या पाठीशी कारखाना उभा होता. तेथे मासिकच उद्योगाची जाहिरात होते.

आता भंडारा जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. या जिल्ह्यात उत्पादनाची वाण नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातील धान, तुमसरची तांदळाची बाजारपेठ, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज, भंडाऱ्याची पितळी भांडी ही त्याची ओळख आहे. म्हणून येथे जाहिरातीचे उत्पन्न मुबलक असावे, असे अनुमान सहज निघेल. पण ते बरोबर नाही. मँगनीजचा ग्राहक पोलाद-कारखाना असतो. राईस मिलचा माल घाऊक व्यापाऱ्याकडे जातो. सामान्य वाचकास उद्देशून बोलण्याची गरज या उत्पादकांना नसते. ती गरज असते कापड दुकानदार, सराफ, कृषि सेवा केंद्र, शिकवणी वर्ग आणि दवाखाना यांना. म्हणजे जाहिरातीचे क्षेत्र जिल्ह्याच्या उत्पादनाने नव्हे, तर किरकोळ व्यापाराने ठरते.

हा किरकोळ व्यापारही हंगामी असतो. खरिपापूर्वी बियाणे आणि खते यांची विक्री होते. धान निघाल्यावर दिवाळी, पुढे गावोगावच्या मंडई, झाडीपट्टीतील नाटके आणि लग्नसराई यांत पैसा फिरतो. जाहिरात या लाटेबरोबर येते आणि तिच्याबरोबर ओसरते. छापखान्याचे देयक मात्र दरमहा येते. म्हणून सुगीच्या काळातील उत्पन्नाचा काही अंश पावसाळ्यातील अंकांसाठी राखून ठेवणे ही एकहाती नियतकालिकाच्या व्यवस्थापनातील पहिली आवश्यकता ठरते. अंक एकदा चुकला की वर्गणीदाराचा आणि जाहिरातदाराचा विश्वास एकाच वेळी डळमळतो.

जाहिरातींमध्येही भेद करावयास हवा. विक्रीसाठी दिलेली जाहिरात वाचकाकडे पाहते. सणावाराची ‘शुभेच्छा’ जाहिरात बहुधा संपादकाकडे पाहते. दुसरीतून पैसा लवकर मिळतो, पण तिच्याबरोबर मौनाची अपेक्षाही येऊ शकते. पतसंस्था, कंत्राटदार किंवा पुढारी यांच्या शुभेच्छांवर ज्या अंकाचे निम्मे उत्पन्न अवलंबून असेल, त्यात त्यांच्या कारभाराची चिकित्सा होणे दुष्कर होय. मोठ्या संस्थेत जाहिरात विभाग आणि संपादकीय विभाग वेगळे ठेवता येतात. एकहाती नियतकालिकात ते दोन्ही एकाच देहात वसतात. हीच त्याची खरी अडचण आहे.

आज पडद्यावर एकट्याने लेखन प्रसिद्ध करणाऱ्याचा कागदाचा आणि टपालाचा खर्च वाचला आहे. जाहिरातीही यंत्रणेमार्फत आपोआप येतात, त्यामुळे स्थानिक भिडेचा प्रश्न काहीसा हलका होतो. परंतु अशा व्यवस्थेत दर वाचकामागे मिळणारी रक्कम अत्यल्प असल्याने तिचा कल विशाल वाचकसंख्येकडे राहतो. एका जिल्ह्यापुरत्या विषयास ती सहसा पुरत नाही.

यावरून असा निष्कर्ष निघतो की, एकहाती नियतकालिकाने जाहिरात हे पूरक उत्पन्न मानावे, मूळ आधार नव्हे. स्थिर खर्च वर्गणीतून भागावा, अनेक लहान जाहिरातदार असावेत आणि एकाने जाहिरात काढून घेतली तरी पुढील अंक निघावा, एवढे साधले तर स्वातंत्र्य टिकते. ते न साधल्यास अंक नियमित निघत राहील. परंतु तो ज्यासाठी काढावयाचा, तो मजकूर त्यात असेलच असे नाही.