कोठाराला कुलूप पडते तेव्हा

घोड नदीकाठच्या शिरूरला रेल्वे नाही. भीमाकाठचे दौंड तर रेल्वेचेच गाव. मनमाडकडून पुण्यास जाणाऱ्या गाड्यांना पूर्वी दौंडास थांबून इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकास जोडून घ्यावे लागे. त्या एका ठाण्यात खोळंबा झाला की सारी वाट अडे. पुढे बाहेरून जोडमार्ग झाला आणि ही अडचण पुष्कळशी सरली. संगणकाच्या जगातही असेच एक जंक्शन आहे, आणि मुंबईत सुरू झालेल्या एका तपासामुळे ते भारतातील अनेकांना एकदा अकस्मात बंद झाले होते.

संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या आज्ञांची संहिता कोणी लिहिली, आणि ती वाचण्याची, बदलण्याची व पुन्हा वाटण्याची मुभा परवान्यानेच सर्वांस दिली, म्हणजे ती मुक्तस्रोत झाली. अशा संहितेवर खपणारी माणसे एकमेकांस क्वचितच भेटतात. म्हणून त्यांच्या कामाला एक सामाईक कोठार लागते. २००८ साली अमेरिकेत निघालेले गिटहब हे त्यांतील सर्वांत मोठे. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. माल सर्वांचा, कोठार मात्र खाजगी, असा हा चमत्कारिक संसार आहे.

१७ डिसेंबर २०१४ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने ३२ ठिकाणे रोखण्याचा आदेश काढला. ‘इस्लामिक स्टेट’चा प्रचार अशा जागी चिकटविला जातो, असे मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाचे म्हणणे होते. यादीत गिटहबचे भाग होते, तसेच इंटरनेट आर्काइव्हसारखे ग्रंथभांडारही होते. वर्ष संपता संपता हा प्रकार लोकांच्या ध्यानात आला, आणि काही ठिकाणांवरील बंदी शासनाने लगेच उठविली.

आक्षेप थोड्या मजकुरावर असता सारे दालनच का बंद व्हावे? गिटहबशी होणारा व्यवहार सांकेतिक लिपीत चालतो. जोडणी पुरविणाऱ्या कंपनीला वाड्याचे नाव दिसते, आत कोणत्या खोलीत पाहुणा शिरला ते दिसत नाही. खोली अडवावयाची तर तिला वाड्याचेच दार लावावे लागते. हेतू कितीही रास्त असो, हे साधन भोथरे आहे.

दौंडचा एखादा विद्यार्थी त्या दिवसांत अशा प्रकल्पावर काम करीत असता, तर त्याचे काय बुडाले असते? संहिता नव्हे. गिटहबच्या मुळाशी असलेले ‘गिट’ हे साधनच एका बेदखलीतून जन्मले आहे. लिनक्सचे कारागीर २००२ पासून बिटकीपर नावाची खाजगी आज्ञावली फुकट वापरीत. एप्रिल २००५ मध्ये तिच्या मालकांनी ती सवलत काढून घेतली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी थोड्याच दिवसांत गिट रचले. त्यात प्रत्येक सहकाऱ्याजवळ केवळ आजची संहिता नव्हे, तर पहिल्या ओळीपासूनचा सारा इतिहास असतो. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या तरी अभंग लोकांच्या मुखी राहिले, असे सांगतात. आणि इंद्रायणीचे ते पाणी पुढे भीमेतून दौंडावरूनच वाहते.

बुडते ते निराळेच. दोष कोणी दाखविला, त्यावर काय वाद झाला, अमुक सुधारणा का नाकारली, ही सारी चर्चा गिटच्या प्रतीत येत नाही. ती कोठाराच्या वहीत राहते. शिवाय इतर शेकडो आज्ञावल्या आपले सुटे भाग त्याच पत्त्यावरून मागवितात. पत्ता हरपला की त्यांचीही चाके थांबतात. नवख्या माणसाला तर दारच सापडत नाही. म्हणून जाणते लोक संहितेची दुसरी प्रत निराळ्या मालकाच्या कोठारात ठेवतात आणि चर्चाही वेळोवेळी उतरवून घेतात. हे काम कंटाळवाणे आहे, आणि बहुतेकजण ते टाळतात.

दोन्ही कोठारे बंद पडली तरी निदान काम अडत नाही. गिटमध्ये साऱ्या इतिहासाचे एका फाइलीत गाठोडे बांधता येते. शिरूरच्या मुलाने ते पेनड्राइव्हवर घ्यावे, न्हावऱ्यावरून एसटीने चौफुल्यास उतरावे आणि दौंडच्या मित्राच्या हाती द्यावे. दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या असल्या तर यंत्र त्या आपण होऊन जुळविते, आणि एकाच ओळीवर दोघांचे हात पडले असतील तेवढ्याच ठिकाणी थांबून विचारते.